खेळ घडविणारें यंत्र आणि खेळाची पेटी

संगणकावरचा खेळ ही वस्तु आतां शहरांतील बहुतेक घरांत येऊन पोंचली आहे. मुलें तो खेळतात, वडील मंडळी प्रथम रागावतात आणि मागाहून स्वतःच फोनवर रंगीत फरशा जुळवीत बसतात, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु अलीकडे एक नवीन गोष्ट घडूं लागली आहे. घरांतील एखादें मूल खेळ नुसता खेळण्यावर संतुष्ट न राहतां तो स्वतः करावयास निघतें, आणि त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कोणतें इंजिन चांगलें?" या प्रश्नाला उत्तरें देणाऱ्यांचा तोटा नाहीं. कोणी चित्रांच्या उठावाकडे बोट दाखवितो, कोणी शिकण्याच्या सोपेपणाकडे. ही तुलना चुकीची नव्हे, पण ती अर्धी आहे. खेळ घडविणें हें एक काम. घडलेला खेळ परक्या माणसाच्या परक्या यंत्रावर बिनधोक चालेल अशा रीतीनें बांधून पाठविणें हें दुसरें. पहिल्याची चर्चा सर्वत्र होते. दुसऱ्याकडे लक्ष जातें तें बहुधा दोन-तीन वर्षें खर्ची पडल्यावर, आणि तोंपर्यंत मार्ग बदलण्याची सोय राहिलेली नसते.

प्रथम 'इंजिन' या शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे. खेळ चालू असतां पडद्यावरील चित्र सेकंदाला ३० किंवा ६० वेळां नव्यानें काढावें लागतें. प्रत्येक वेळीं कोणतें बटन दाबलें गेलें तें पाहावयाचें, चेंडू भिंतीला लागला कीं नाहीं तें मोजावयाचें, योग्य क्षणीं आवाज सोडावयाचा. हीं कामें बहुतेक खेळांत सारखींच असतात. म्हणून तीं एकदां नीट लिहून ठेवावीं आणि सर्वांनीं वापरावीं, अशी युक्ति निघाली. या लिहून ठेवलेल्या सामग्रीला इंजिन म्हणतात. तिचे दोन भाग असतात. एक भाग म्हणजे कारखाना : तेथें बसून करणारा आपलीं चित्रें, आवाज व नियम जुळवितो. दुसरा भाग म्हणजे चालक. त्याला या धंद्यांत 'रनटाइम' असें नांव आहे. सुताराचा रंधा खुर्चीबरोबर गिऱ्हाइकाच्या घरीं जात नाहीं. येथें मात्र अवजाराचा एक भाग मालाबरोबर जातो, आणि माल जोंपर्यंत वापरांत आहे तोंपर्यंत त्याला चिकटून राहतो. साऱ्या प्रश्नाची मेख येथेंच आहे.

या चालकाची मालकी कोणाची आणि त्याचा मुक्काम कोठें, या गोष्टीचें महत्त्व फ्लॅशच्या इतिहासानें जगाला पटवून दिलें. १९९६ सालीं निघालेलें हें साधन मॅक्रोमीडियाकडून २००५ मध्यें अडोबी या कंपनीकडे आलें. हलतीं चित्रें व छोटे खेळ करण्यास इतकें सुलभ साधन तोंपर्यंत झालें नव्हतें. शाळकरी मुलांनीं त्यांत हजारों खेळ केले. मात्र त्यांचा चालक खेळाच्या पेटींत नव्हता. तो खेळणाऱ्याच्या ब्राउझरला जोडलेला असे. त्यामुळें खेळ वजनानें हलके राहत, पण गोष्टींतल्या राक्षसाप्रमाणें त्यांचा प्राण दूर कोठें तरी पोपटांत असे. एप्रिल २०१० मध्यें अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्स यांनीं जाहीर पत्र लिहून आयफोनवर फ्लॅशला जागा न देण्याचीं कारणें सांगितलीं. जुलै २०१७ मध्यें खुद्द अडोबीनेंच २०२० अखेर हें साधन बंद करण्याचें जाहीर केलें, आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्या चालकानें खेळ दाखविण्याचेंच नाकारलें. खेळांच्या फाइली जागच्या जागीं होत्या. त्यांतलें अक्षरहि पुसलें गेलें नव्हतें. पण चालविणारा निघून गेला होता. पुढें रफल नांवाच्या मुक्त प्रकल्पानें रस्ट या भाषेंत नवा चालक लिहून त्यांतील पुष्कळांना जीवदान दिलें, आणि इंटरनेट आर्काइव्हनें नोव्हेंबर २०२० पासून त्याच्याच साह्यानें असा एक संग्रह लोकांस खुला केला. उलट 'मशिनेरियम' हा चेक प्रजासत्ताकांतील अमानिता डिझाइन यांचा २००९ चा खेळ फ्लॅशमध्येंच घडलेला असूनहि स्वतंत्र बांधणी करून विकला गेला होता. ब्राउझरांतील बंदीची झळ त्याला लागली नाहीं. एकच अवजार, पण पेटी निराळी म्हणून दशा निराळी.

यावरून चालक पेटींत घातला म्हणजे काम झालें, असें कोणास वाटेल. तसेंहि नाहीं, कारण पेटींत बसलेला चालक कोणत्या परवान्यानें बसला आहे, हा प्रश्न उरतोच. युनिटी या इंजिनाची हकीकत या दृष्टीनें मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कोपनहेगन येथें तिघां तरुणांनीं सुरू केलेलें हें इंजिन २००५ सालीं प्रथम मॅक संगणकासाठीं प्रसिद्ध झालें. सी शार्प ही त्याची भाषा. फोन, संगणक, खेळाचीं खास यंत्रें अशा अनेक ठिकाणीं एकच खेळ पाठविण्याची सोय त्यानें करून दिली, आणि लहान मंडळींत तें फार लोकप्रिय झालें. ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेडच्या एका छोट्या चमूचा 'हॉलो नाइट' हा २०१७ चा नांवाजलेला खेळ युनिटींतच झाला. मग १२ सप्टेंबर २०२३ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, १ जानेवारी २०२४ पासून खेळाच्या प्रत्येक नव्या प्रतीमागें, म्हणजे खेळ कोणाच्या यंत्रावर उतरवून घेतला जाईल तितक्या वेळां, 'रनटाइम शुल्क' द्यावें लागेल. प्राथमिक परवान्यावर काम करणाऱ्याला हें शुल्क प्रतीस २० सेंट होतें. मागील १२ महिन्यांतील उत्पन्न २ लाख डॉलर आणि एकूण प्रती २ लाख, या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावर तें लागू व्हावयाचें होतें.

या आंकड्यांचा अर्थ हिशोब केल्याशिवाय कळत नाहीं. समजा, एखाद्या खेळाची किंमत कांहींच नाहीं. आंत दिसणाऱ्या जाहिरातींवर त्याला वर्षाला ३ लाख डॉलर मिळतात, आणि मर्यादा ओलांडल्यानंतर १० लाख लोकांनीं तो नव्यानें उतरवून घेतला. शुल्क झालें २ लाख डॉलर! विक्रीवर कर असता तर उत्पन्नाबरोबर तो कमीजास्त झाला असता. हा कर लोकप्रियतेवर होता. शिवाय जे खेळ पूर्वींच प्रसिद्ध होऊन गेले होते, त्यांच्याहि यापुढील प्रती त्यांत धरल्या जाणार होत्या. ज्यानें जुन्या अटी वाचून काम सुरू केलें, त्याच्या पेटींतला चालक एका रात्रींत भाडेकरूचा मालक झाला. ओरड मोठी झाली. दहा दिवसांनीं, २२ सप्टेंबरला, कंपनीनें अटी पुष्कळ सौम्य केल्या. ऑक्टोबरांत मुख्य अधिकारी जॉन रिकिटिएल्लो यांनीं पद सोडलें. आणि १२ सप्टेंबर २०२४ रोजीं, घोषणेला बरोबर एक वर्ष झाल्यावर, खेळांसाठींचें हें शुल्क रद्द करण्यांत आलें. शुल्क गेलें, पण भरंवशाला गेलेला तडा तितक्या लवकर बुजत नाहीं. 'टेरारिया' या खेळाच्या कर्त्यांनीं युनिटी फारसें वापरलेलेंहि नव्हतें. तरीहि त्यांनीं सप्टेंबर २०२३ मध्येंच गोडो व एफएनए या दोन मुक्त प्रकल्पांना प्रत्येकीं १ लाख डॉलर देणगी दिली. 'स्ले द स्पायर' या गाजलेल्या खेळाच्या कर्त्यांनीं आपला दुसरा खेळ युनिटी सोडून गोडोवर नेला.

हें गोडो काय आहे? अर्जेंटिनांतील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झूर यांनीं हें इंजिन आपल्या कामासाठीं केलें, आणि २०१४ च्या फेब्रुवारींत त्याची सारी मूळ संहिता लोकांपुढें ठेवली. नांव सॅम्युएल बेकेट यांच्या नाटकावरून घेतलेलें आहे. त्या नाटकांतील गोडो कधींच येत नाहीं, हें इंजिन मात्र आलें. त्याचा परवाना एमआयटी या नांवानें ओळखला जातो. त्याचा मथितार्थ एवढाच कीं, वापरा, बदला, विका. आमची नांवनिशाणी व परवान्याचा मजकूर मात्र बरोबर राहूं द्या. एकदां दिलेली अशी प्रत परत घेतां येत नाहीं. उद्यां मूळ कर्ते विरक्त झाले तरी हातांतली प्रत हातांत राहते. कारखाना एका फाइलींत मावतो व २०० मेगाबाइटच्या आंत असतो. जुन्या संगणकावरहि तो उघडतो. बांधणीची त्याची रीतहि समजावयास सोपी आहे. चालक आधींच तयार करून ठेवलेला असतो. खेळाचीं चित्रें, आवाज व नियम यांची एक 'पीसीके' फाइल होते. दोन्ही एकत्र ठेवलीं कीं खेळ तयार.

दोषहि सांगितले पाहिजेत. निन्टेन्डो, सोनी यांच्या खास यंत्रांसाठीं लागणारी माहिती त्या कंपन्या गुप्ततेच्या करारावर देतात. ती मुक्त संहितेंत घालतां येत नाहीं, म्हणून तेथें जाण्यास तिसऱ्या पक्षाची मदत घ्यावी लागते. अवाढव्य त्रिमिति देखाव्यांत अनरियल त्याला मागें टाकतें. आणि ज्याला पुढें मोठ्या खेळ-कंपनींत नोकरी करावयाची आहे, त्याला युनिटी अगर अनरियल यांचेंच ज्ञान विचारलें जाण्याचा संभव अधिक.

अनरियल हें टिम स्वीनी यांच्या एपिक गेम्स कंपनीचें इंजिन १९९८ च्या त्याच नांवाच्या खेळापासून चालत आलें आहे. सी प्लस प्लस ही त्याची भाषा, आणि ज्याला ती जड वाटते त्याच्यासाठीं चौकोन व रेषा जोडून नियम मांडण्याची 'ब्लूप्रिंट' नांवाची सोय. एका खेळाचें एकूण उत्पन्न १० लाख डॉलरच्या पुढें गेल्यावर वरच्या रकमेवर शेंकडा ५ वाटा, ही अट २०२० मध्यें ठरली. ही अट उत्पन्नाशीं बांधलेली असल्यामुळें करणाऱ्याला निदान भीति तरी नसते. मात्र हें इंजिन म्हणजे हत्ती. उतरवून घेण्यासच दहांच्या पटींत गिगाबाइट जागा लागते. गेममेकर हें याच्या अगदीं उलट टोंकाचें. उत्रेख्त विद्यापीठांतील मार्क ओव्हरमार्स यांनीं तें १९९९ मध्यें प्रसिद्ध केलें, आणि सपाट चित्रांच्या खेळांना तें आजहि फार सोयीचें आहे. टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' हा २०१५ चा खेळ त्यांतच झाला. नोव्हेंबर २०२३ मध्यें विनाव्यापार वापरासाठीं तें फुकट करण्यांत आलें.

इंजिन न घेतांहि काम होतें, हें विसरूं नये. एरिक बॅरोन यांनीं एकट्यानें सुमारें साडेचार वर्षें खपून 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा खेळ २०१६ मध्यें पुरा केला, तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सएनए या सामग्रीवर. मायक्रोसॉफ्टनें त्या सामग्रीचा विकास केव्हांच थांबविला होता. पण तिच्याच आज्ञा जशाच्या तशा ओळखणारी मोनोगेम ही मुक्त सामग्री इतरांनीं लिहून ठेवलेली होती. २०२१ मध्यें खेळ तिच्यावर हलविण्यांत आला, आणि खेळणाऱ्यांना फरक जाणवलाहि नाहीं.

आतां पेटीकडे वळावें. जुन्या नाटक मंडळ्या गांवोगांव जात तेव्हां त्यांच्यापुढें एक प्रश्न असे : पडदे, दिवे, पेटी-तबला सारें बरोबर न्यावयाचें, कीं त्या गांवच्या नाट्यगृहांत असेल तें वापरावयाचें? सारें नेलें तर गाडीभाडें वाढतें. न नेलें तर तेथला तबला ढिला निघण्याची धास्ती. सॉफ्टवेअरच्या बांधणींत नेमका हाच वाद आहे. विंडोजवर इन्नो सेटअप व एनएसआयएस हीं फुकट व जुनीं साधनें खेळाच्या फाइली योग्य जागीं मांडून देणारी एक फाइल बनवितात; मोठ्या कचेऱ्यांना शेंकडों संगणकांवर एकदम सॉफ्टवेअर टाकावयाचें असतें, म्हणून त्या एमएसआय पद्धतीची पेटी मागतात, व ती बनविण्यास विक्स हें साधन आहे. घरगुती खेळाला इतका थाट लागत नाहीं. स्टीमसारख्या दुकानांतून विकावयाचा खेळ तर नुसता फोल्डर म्हणून दिला तरी पुरतो; मांडामांड दुकानच करतें. लिनक्सवर मात्र प्रश्न तीव्र होतो, कारण तेथें नाट्यगृहेंच शेंकडों प्रकारचीं. नव्या लिनक्सवर बांधलेला खेळ जुन्या लिनक्सवर बहुधा उघडतच नाहीं, कारण जीलिब्सी नांवाची मूलभूत फाइल तेथें जुनी असते. म्हणून जाणते लोक मुद्दाम जुन्या लिनक्सवर बांधणी करतात. अ‍ॅपइमेज सारें सामान एका फाइलींत भरून नेतें. फ्लॅटपॅक कांहीं सामान सामायिक ठेवतें व खेळाला कुंपणांत चालवितें. स्नॅपहि तसेंच, पण त्याचें दुकान एकट्या कॅनॉनिकल कंपनीच्या हातीं आहे.

ब्राउझरच्या तंत्रानें सॉफ्टवेअर करणाऱ्यांत हाच वाद इलेक्ट्रॉन व टाउरी या नांवांनीं चालतो. इलेक्ट्रॉन २०१३ मध्यें गिटहबनें सुरू केलें. त्यांत पेटीबरोबर सबंध क्रोमियम ब्राउझर जातो. नुसती टिपणवही केली तरी ती १०० मेगाबाइटच्या पुढें जाते, पण सर्वत्र हुबेहुब एकसारखी दिसते. टाउरी यजमानाच्या यंत्रांत असेल तोच ब्राउझर वापरतें. पेटी थोड्या मेगाबाइटांत आटोपते, मात्र विंडोज, मॅक व लिनक्स यांवर तीन निरनिराळे ब्राउझर भेटत असल्यामुळें तीन ठिकाणीं तपासणी करावी लागते. ज्याच्या हाताशीं तिन्ही यंत्रें नाहींत, त्यानें वजन सोसून इलेक्ट्रॉनच घ्यावें हें बरें. 'आरपीजी मेकर एमव्ही' या २०१५ च्या इंजिनानेंहि एनडब्ल्यू जेएस या साधनानें ब्राउझर बरोबर बांधण्याचाच मार्ग पत्करला.

पेटीला कुलूप व मोहोर लागते, हेंहि नवशिक्याला उशिरां कळतें. मॅकवर कॅटॅलिना या २०१९ च्या आवृत्तीपासून अ‍ॅपलकडून तपासून न घेतलेलें सॉफ्टवेअर सहजासहजीं उघडत नाहीं, आणि त्या तपासणीसाठीं वर्षाला ९९ डॉलरचें सभासदत्व आहे. अँड्रॉइडच्या दुकानांत एकदांच २५ डॉलर भरावे लागतात, पण तेथें किल्लीचें प्रकरण आहे. प्रत्येक खेळावर करणाऱ्याची गुप्त सही असते. एपीके पद्धतींत ती किल्ली हरवली, तर त्याच नांवानें सुधारलेली आवृत्ति पाठवितां येत नाहीं. संगणक बिघडून पुष्कळांच्या किल्ल्या गेल्या. ऑगस्ट २०२१ पासून नव्या सॉफ्टवेअरला एएबी ही पेटी सक्तीची झाली. तींत शेवटची किल्ली गूगलकडे राहते. हरवण्याची धास्ती गेली, पण सहीहि दुसऱ्याच्या हातीं गेली.

मराठी घरांना या साऱ्यांत एक गोष्ट विशेष पाहावी लागते, आणि परदेशी तुलनांत तिचा उल्लेख क्वचितच सांपडतो. मुलांना बाराखडी शिकविणारा खेळ करावयाचा आहे असें धरा. देवनागरी अक्षरें संगणकांत उच्चाराच्या क्रमानें साठविलेलीं असतात. त्यांची वळणें, वेलांट्या व जोडाक्षरें जुळविण्याचें काम निराळें करावें लागतें. ज्या साधनांत ही जुळणी नाहीं, तेथें 'किल्ला' या शब्दांतील वेलांटी 'क'च्या डावीकडे न बसतां उजवीकडे जाऊन पडते, आणि 'ल्ल' सुटून पाय मोडलेला 'ल्' उघडा पडतो. अशा खेळांतून मूल शुद्धलेखन शिकण्याऐवजीं विसरेल! ब्राउझरांत ही जुळणी हार्फबझ नांवाचें मुक्त साधन किंवा त्याच्यासारखें दुसरें साधन करतें. म्हणून इलेक्ट्रॉनमधलें मराठी निर्दोष उमटतें. अनरियलमध्यें हार्फबझ आहे. गोडोमध्यें तें चवथ्या आवृत्तीबरोबर, म्हणजे मार्च २०२३ मध्यें आलें. तिसऱ्या आवृत्तींत मराठीची दुर्दशाच होती. युनिटींत वर्षानुवर्षें रूढ असलेल्या टेक्स्टमेश प्रोमध्यें ही जुळणी नव्हती, व करणाऱ्यांना बाहेरचे उपाय शोधावे लागत. अक्षरांचा टाइपहि पेटींतच घालावा. खेळणाऱ्याच्या यंत्रांत तो असेलच असें नाहीं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता व बालू हे टाइप मुक्त परवान्यावर मिळतात व खेळाबरोबर पाठवितां येतात.

म्हणून इंजिन निवडणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यांत एक छोटें काम सांगावें. खेळाचा विचार बाजूस ठेवून, दोन-तीन इंजिनांत प्रत्येकीं एकच पडदा करावा. त्यावर 'किल्ला', 'क्षत्रिय', 'दुर्गाध्यक्ष' असे शब्द व एक दाबावयाचें बटन असावें. त्याची रीतसर पेटी बांधावी आणि ती घरांतील सर्वांत जुन्या फोनवर, तसेंच शेजाऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी. पेटीचें वजन किती झालें, उघडण्यास किती सेकंद लागले, यंत्रानें कोणती सूचना दाखविली आणि अक्षरें कशीं उमटलीं, हें वहींत तारीख घालून लिहावें. आणि त्या दिवशीं इंजिनाच्या परवान्याचा जो मजकूर होता, त्याची एक छापील प्रत त्याच पानाला टांचून ठेवावी.